चार बटणांची पाटी

माझे मिस्टर कारंज्याला नंबरप्लेट आणि नावाच्या पाट्या करायचे. बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी टेबल, भिंतीला उभी केलेली अ‍ॅक्रेलिकची शीटं आणि सगळ्यांवर बसलेला पांढरा भुसा. दवाखान्याची पाटी, वकिलाची पाटी, नव्या घराचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर, जे येईल ते ते करत. मी धनजच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. आमचं बरं चाललं होतं.

आजार त्यांच्या जिभेपासून सुरू झाला. ‘ट्रॅक्टर’ हा शब्द तोंडात अडकायला लागला. मग ‘प्लेट’. रोज दहा वेळा लागणारे हे शब्द, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या आधी लक्षात आलं. एक जुनं गिऱ्हाइक सकाळी दुकानात आलं आणि बोलता बोलता त्यानं पुढे वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. यांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. घरी आल्यावर ते मला म्हणाले, “लोकं समजून राह्यले का म्या सकायीच घेतली.” हे वाक्यही त्यांनी फार सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हटलं. रविवारी विहारात वंदना तेच म्हणायचे आणि बाकीचे मागून. त्या महिन्यापासून ते मागच्या रांगेत बसू लागले.

आधी दाताचा डॉक्टर झाला, मग घशाचा. मग अकोला. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी जीभ आणि घसा, मग हात, पाय, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे बरं होत नाही.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, “मंग नागपूरले आलो कायले?”

वर्ष सरता सरता त्यांचं बोलणं फक्त मला कळायचं. तोंडातून येणारा आवाज आणि डोळे यांचा मेळ घालून मी शब्द ओळखायची. पण मी दिवसभर शाळेत. त्यांच्याजवळ राहायला त्यांची मोठी बहीण गावाहून आली होती. माझ्या नणंदबाई विधवा, अंगानं बारीक, कामाला वाघ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी आणलेला अक्षरांचा तक्ता निरुपयोगी ठरला. मी घरी आले की दोघं बहीणभाऊ दोन कोपऱ्यांत रुसल्यासारखे बसलेले असत.

“काय म्हन्ते तो, मले काई समजत नाही,” नणंदबाई म्हणायच्या. “पानी देतो तं मान हालवते. चादर देतो तं रडते. मी काय करू वं बाई?”

मुलीनं पुण्याहून फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलायचा. पण यांच्या हातातली ताकद उतरत चालली होती. बोट काचेवर टेकलं की उचललं जायचं नाही, घसरत दुसरीकडेच जायचं, आणि पाणी मागायला गेलं की फोन बातम्या दाखवायचा. दोन दिवसांनी त्यांनी फोन कोपरानं बाजूला सारला.

मोठ्या बटणांची कल्पना त्यांचीच. पूर्वी कारंज्यात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, त्या मशीनचा वरचा पत्रा फुटला तेव्हा यांनीच अ‍ॅक्रेलिकचा करून दिला होता. त्या मशीनला बाटलीच्या झाकणाएवढी फुगीर बटणं असतात, मुठीनं मारलं तरी चालतात. तशी बटणं एका पाटीत बसवायची आणि प्रत्येकाला आवाजाचं, सेलवर चालणारं एक छोटं सर्किट जोडायचं. वाढदिवसाच्या कार्डात गाणं वाजतं ना, तसं. फरक एवढाच की यात आपलं बोलणं भरता येतं. बटण दाबलं की पाटी बोलेल आणि नणंदबाईंना ऐकू येईल.

शेजारच्या दुकानात मिक्सर-कुलर दुरुस्त करणारे भाई होते. यांचा त्यांच्याशी रोजचा चहा. त्यांनी बटणं आणि सर्किटं मागवून दिली. म्हणाले, “भाभी, वायरिंगची फिकीर करू नका, ते माह्याकडं. पन ॲक्रेलिकले मी हात लावत नाही. ते भाऊचं काम.”

पण यांना तर आता ड्रिल मशीन उचलवत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“भोकं तू पाड,” ते म्हणाले.

“मले कुठं येते?”

“मले येते ना,” ते म्हणाले.

मग रविवारी शटर अर्धं वर करून आम्ही दुकानात बसू लागलो. भाईंनी त्यांना उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, मानेमागे उशी द्यायची. मी टेबलाशी. एवढी वर्षं संसार केला, पण त्यांचं काम मी कधी हातात घेतलं नव्हतं. डबा घेऊन आले तरी उंबऱ्यातूनच परत जायची.

पहिल्या रविवारी खणातलं वाटीसारखं गोल करवतीचं, ड्रिलला बसवायचं बिट काढलं. दाराला कुलूप बसवताना सुतार वापरतात ते. नेमकं आमच्या बटणाच्या मापाचं होतं. यांचा चेहरा मला फारसा राजी दिसला नाही, पण माप बरोबर होतं म्हणून मीच म्हटलं, करून पाहू. बिट शीटवर टेकलं, दोन क्षण घरघरलं, आणि दातांनी शीट पकडलं. शीट माझ्या हातातून गरकन फिरलं आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. मोठा आवाज झाला. भाई धावत आले. मला लागलं नव्हतं. त्या दिवशी आणखी काही करायचा माझा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी चपटं बिट घेतलं. मधे टोक आणि दोन्ही बाजूंना पाती, प्लायवुडला वापरतात ते. हे सुरुवातीला छान उतरलं. मी खूश होऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात टोक खालून बाहेर पडलं. कट्. भोकाभोवती चांदणीसारख्या भेगा. ते काहीतरी म्हणत होते. मला कळेना. मी तीनदा विचारलं. त्या आठवड्यात त्यांची जीभ आणखी जड झाली होती आणि ते मला तिथे, त्या टेबलापाशी, पहिल्यांदा जाणवलं. मलाही ते आता पुरते कळत नव्हते.

“लाकूड,” ते म्हणत होते. “खाली लाकूड ठेव.”

खाली लाकडाची फळी लावली, वरून चिकटपट्टी मारली, शीट टेबलाला शिकंज्यात आवळलं. पुन्हा पाडलं. या वेळी तडा गेला नाही, पण कडा उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. त्यांनी करंगळी कडेवरून फिरवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

“कोन पाहते आता? बटनाखाली झाकून जाईन,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मान हलवली. कुरतडलेली कडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात असते. रोज मुठीचा मार बसणार, आज ना उद्या तिथूनच शीट फुटणार. हे त्यांनी मला फार वेळ घेऊन सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण मला दुसरंही दिसत होतं. वाईट कडेची पाटी त्यांच्या दुकानातून कधी गेली नव्हती, आणि ही जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. मी ड्रिल खाली ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोरून शिरपूरची गाडी गेली. लोक गाडीतून पाहत होते. मला वाटलं, त्या गाडीत चढावं आणि कुठेतरी उतरावं. मग आत आले.

“दीपमाय,” ते म्हणाले.

“कोनत्या देवळाची?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा म्हणाले. मी आणि भाई दोघं अंदाज करत बसलो. दिवा? देऊळ? कोणाचं नाव? शेवटी त्यांनी नजरेनं ड्रिलकडे दाखवलं, मग वर, मग खाली, तेव्हा भाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. “भाऊ पायरीचा बिट म्हनून राह्यले. खाली बारीक, वर रुंद, पायऱ्या पायऱ्याचा. उलटी दीपमाळ.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, हे पत्र्याले लागते, प्लास्टिकले नाही.” मी म्हटलं, द्या. खरंच उलट्या दीपमाळेसारखं होतं, आणि हातात घेतल्यावर जड लागलं.

पण आधी मधलं बारीक भोक पाडावं लागतं, आणि त्यासाठी नवं बारीक बिट मी आणलं होतं. ते त्यांनी तसं वापरू दिलं नाही. धार लावायचा दगड काढायला लावला आणि त्यावर बिटाची नवी कोरी धार घासून मारायला लावली.

“चांगली धार कायले घालवता?” मी विचारलं.

“चावते,” ते म्हणाले. एवढंच. तीक्ष्ण धार ॲक्रेलिकला चावते, ओढून घेते आणि फोडते. बोथट केलेली धार खरवडत जाते.

जुन्या नंबरप्लेटांच्या तुकड्यांवर मी शिकले. मशीन जोरात चालवलं की शीट वितळायचं, बिटाला च्युइंगमसारखं चिकटायचं, जळका गोडसर वास दुकानभर व्हायचा. सावकाश चालवलं, साबणाच्या पाण्याचे थेंब सोडत राहिलं, निम्मं भोक एका बाजूनं आणि निम्मं उलटून दुसऱ्या बाजूनं पाडलं, की भुसा उडत नाही, लांब सुतासारखी साल निघते. एका रविवारी तशी साल निघाली. तुटली नाही, बिटाभोवती गुंडाळत गेली. मी तुकडा त्यांच्यासमोर धरला, त्यांची करंगळी धरून आतून फिरवली. गुळगुळीत होतं.

ते हसायला लागले. हसू थांबेना. मग त्याच हसण्याचं रडणं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाही आजाराचाच भाग आहे, हसू आणि रडू ताब्यात राहत नाही. म्हणून त्यातलं खरं किती होतं ते मला आजही सांगता येत नाही.

या सगळ्यात तीन-चार महिने गेले. आम्ही सुरुवातीला नऊ बटणं ठरवली होती. भोकं स्वच्छ पडायला लागली तोवर त्यांचा हात पाटीच्या वरच्या ओळीपर्यंत पोचेनासा झाला होता. मग सहा ठरवली. शीट कापायच्या दिवशी पुन्हा हात ठेवून पाहिला, तर चारच हाताच्या टप्प्यात येत होती. मोठं कापलेलं शीट मी पुन्हा लहान केलं.

चारच बटणं म्हटल्यावर कोणते चार शब्द ठेवायचे हा प्रश्न आला. ते आम्ही घरी बसून ठरवलं. मी एकेक शब्द म्हणायचा आणि त्यांनी डोळ्यांनी हो-नाही सांगायचं. पाणी, हो. कूस बदलणं, हो. लाळ पुसणं, हो. एक जागा उरली. मी पंखा म्हटलं, नाही. खाज म्हटलं, थोडा विचार केला, नाही. दुखते म्हटलं, नाही. मग मी जरा चाचरत म्हटलं, “जवळ बस?”

त्यांनी नाही म्हटलं. मला लागलं. ते काहीतरी सांगत होते, मी कान तोंडाशी नेला. फार वेळानं दोन शब्द हाती आले.

“राहू दे.”

“तुमाले हेच पायजे बटनावर?”

हो.

चारही भोकं स्वच्छ पडली. एकाही कडेला ओरखडा नव्हता. त्यांची शेवटची पाटी होती आणि ती माझ्या हातून झाली होती, पण मला आनंद झाल्याचं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की संरक्षक कागद सोलून काढला आणि शीटमध्ये माझा चेहरा दिसला, तर मी खूप थकलेली दिसत होते.

आवाज माझाच भरावा लागला. त्यांचा कोणाला कळला नसता. मी वर्गात बोलते तशी बोलले. “मला पाणी हवे आहे.” त्यांनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांच्या मनातलं ओळखून विचारलं, “तुमी असे नाही बोलत ना?” मग ते बोलायचे तसं भरलं. “पानी दे वं.” “कूस बदल वं.” “लाळ पूस.” “राहू दे.” भरताना चमत्कारिक वाटलं. ते मला जशी हाक मारायचे तशी मीच मला हाक मारत होते.

पहिले काही दिवस घरात जरा हालचाल वाढली. नणंदबाई तर पाटीला उत्तरं द्यायच्या. “हो रे भाऊ, आणतो.” संध्याकाळी मला सांगायच्या, “आज भाऊनं दोन बार पानी मांगलं.” भाई पाहायला आले. कुठल्याशा गावात झाडपाल्याचं औषध देणारा आहे, तिकडे घेऊन जाऊ, असं ते सांगू लागले. यांनी मूठ हळूच सरकवली आणि पाटी माझ्या आवाजात म्हणाली, “राहू दे.” भाई हसले. आम्ही सगळेच हसलो.

नंतर तेच बटण जास्त वाजू लागलं. नणंदबाई पातळ पेज घेऊन बसल्या की “राहू दे.” टीव्ही लावला की “राहू दे.” मुलगी चार दिवस रजा काढून आली, तिनं त्यांची नखं काढायला घेतली. “राहू दे.” ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, तूच ओरडल्यासारखं वाटतं गं.”

गिळणं बंद होत आलं तेव्हा कारंज्याच्या डॉक्टरांनी पोटात नळी घालायचं सुचवलं. अकोल्याला नेऊन करता येईल, त्यानं काही महिने मिळतील. मी त्यांच्या खाटेशी बसून सगळं नीट सांगितलं. पाटी त्यांच्या हाताखाली होती. त्यांची मूठ सरकली.

“राहू दे.”

“तुमाले समजलं ना म्या काय म्हटलं ते? नळी नाही टाकली तं काय होईन ते समजलं?”

“राहू दे.”

मी पाटी बाजूला घेतली आणि म्हटलं, डोळ्यांनी सांगा. त्यांनी डोळ्यांनीही तेच सांगितलं. मुलगी पुन्हा आली होती, मागे उभी राहून रडत होती. नणंदबाई म्हणाल्या, “त्याच्या मनासारखं होऊ दे.” आम्ही नेलं नाही. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. अजूनही शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला की तोच प्रश्न समोर येतो.

पुढे मूठही सरकेना. भाईंनी बटणांच्या स्प्रिंगा काढून हलक्या घातल्या. मग हात नुसता पडला तरी बटण दाबलं जायला लागलं. “लाळ पूस. लाळ पूस. लाळ पूस.” नणंदबाई धावत यायच्या, पुसायच्या, आणि पाटी म्हणतच राहायची. खरं मागणं कोणतं आणि पडलेला हात कोणता, हे कोणालाच कळेना. भाई म्हणाले, नखाएवढं हलकं बटण मिळते, ते बसवू. पण त्याला बारीक भोक लागलं असतं, आणि पडलेलं भोक लहान करता येत नाही. नवी पाटी करावी लागली असती. ड्रिल दुकानात होतं, बिटं होती, शीटही होतं. मी त्यांना विचारलं, करू का? त्यांचे डोळे छताकडे होते. ते माझ्याकडे वळले नाहीत.

एका सकाळी नणंदबाईंनी अंग पुसायला पाटी उचलून कपाटावर ठेवली. ती पुन्हा खाली आणली गेली नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं.

पावसाळ्यात, वर्षावास चालू होता तेव्हा ते गेले. मी शाळेला जायची तयारी करत होते, गॅसवर दूध होतं. नणंदबाईंनी हाक मारली. मी आत गेले तेव्हा श्वास थांबलेला होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं, ना त्रास ना सुख. दूध उतू गेल्याचा वास घरभर पसरला. विहारातले लोक आले, वंदना झाली, नेलं.

दुकान सोडलं. शीटं आणि यंत्रं एका पाटीवाल्यानं एकगठ्ठा नेली. नणंदबाई गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, “मी होतो तरी माह्याशी तो बोलू नाही शकला. तुहा आवाज ऐकला म्या, त्याचा नाही.” मी त्यांना एसटीत बसवून आले.

पुढे थंडीत शिरपूरचा एक मनुष्य घरी आला. शेतकरी होता, भाईंकडे मोटार दुरुस्तीला आला होता, तिथे त्याला पाटीचं कळलं. त्याच्या आईला अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती.

“मॅडम, तुमच्याकडं बोलनारी पाटी हाय म्हने. माय काय मांगते ते समजत नाही आमाले.”

मी कपाटावरून पाटी काढली, पुसली. अजून एकही भेग नव्हती. त्याला आवाज कसा भरायचा ते दाखवलं. नवा आवाज भरला की आधीचा पुसला जातो, हे सांगताना मी पाण्याचं बटण एकदा दाबलं. “पानी दे वं.” तो म्हणाला, “तुमचाच आवाज हाय.” मी म्हटलं, हो. त्यानं पिशवीत घालून पाटी नेली.

महिनाभरानं त्याचा फोन आला. बायकोचा आवाज भरला होता, पाटी मायच्या उजव्या हाताशी ठेवली होती.

“मॅडम, माय दाबतच नाही. हात धरून दाबून दाखवलं. पाटी बोलली का ती भिंतीकडं तोंड करते. आता काय करावं?”

मी शाळेच्या व्हरांड्यात फोन कानाशी धरून उभी होते. आत वर्गातली पोरं पाढे म्हणत होती.

“सेल बदलून पाहा,” पाटी बोलत होती तरी मी म्हटलं.

“बरं मॅडम,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.